उपरण्याखालचं पाणी

"नाव घे, मंग आत ये!"

पन्नास वर्षं झाली, पण कुसुमच्या कानातून तो आवाज काही गेला नाही. ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या दारात तिची नणंद विनोदिनी दोन्ही हात आडवे पसरून उभी होती. नुकती परकरातून साडीत आलेली पोरगी ती, आवाज कोवळा पण करवतीसारखा धारेचा. आर्वीहून निघालेली नवी नवरी भर वैशाखात, टळटळीत दुपारी रायपूरला उतरली होती. तेव्हा रायपूर राजधानी नव्हतं. रिक्षाच्या टपाखाली बसून, धूळ खात, सासर नावाच्या अनोळखी दारासमोर ती येऊन थांबली, तेव्हा तिच्या घशाला कोरड पडून जीभ टाळूला चिकटलेली. उंबऱ्यावर तांदळाचं माप, मापामागे विनोदिनी, आणि विनोदिनीमागे सारा पारा, म्हणजे सारी आळी. नवऱ्याचं नाव यमकात गुंफून घ्यायचं, मग माप ओलांडायचं, मग घर, सावली, पाणी.

कुसुमनं मान वर केली आणि म्हणाली,

"उंबऱ्यावर माप भरलं, तांदूळ गोरे गोरे;
रखमाबाईंची सून मी, अडवणं करा पुरे!"

नाव घेतलं ते सासूचं! बायका हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या. रखमाबाई स्वतःच खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "सोड वं विनू, पोट्टी हुशार हाय." झालं, माप लवंडलं, सून घरात आली.

नवऱ्याचं नाव मात्र राहिलं ते राहिलंच. हळदीकुंकू असो, बारसं असो, कुणाची मंगळागौर असो, बायका कुसुमला घेरायच्या आणि ती काहीतरी यमक जुळवून मासोळीसारखी निसटून जायची. हसून हसून बायका थकल्या. कुणी म्हणे अहंकार, कुणी म्हणे नवस. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नाही. ज्याचं नाव, त्यालासुद्धा नाही.

त्याचं नाव यज्ञेश्वर. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात, हातोड्यांच्या घणघणाटात त्याची उभी नोकरी गेली, आणि जाताना कान घेऊन गेली. आता तेलीबांधा तलावाजवळच्या फ्लॅटमध्ये राहायचं, कानात मशीन घालून पेपर मोठ्यानं वाचायचा, आणि अधूनमधून बायकोला म्हणायचं, "पुरता बहिरा व्हायच्या आंधी एक डाव आयकव वं माहं नाव. मंग कान गेले तरी चालते."

"मशीनचे सेल बदला आधी," कुसुम म्हणायची, आणि त्याच्या चहात त्याला आवडतं तेवढंच आलं किसायची.

आज लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. पाहुणे म्हणजे दोघीच. ब्राह्मणपाऱ्याहून विनोदिनी आली होती, गुडघे दुखतात म्हणून लिफ्टमधूनही कण्हत. आणि दिल्लीहून देवश्री, कुसुम-यज्ञेश्वरची लेक. रायपुरातच डॉक्टर झालेली, आता लहान मुलांच्या कुपोषणावर सरकारला सल्ला देणारी. देवश्री आल्यापासून पुरण घोटत होती. पुरणावर नजर, मन भलतीकडेच. खोलीत लॅपटॉप उघडा ठेवलेला, पडद्यावर पान कोरं. उद्या कचेरी उघडायच्या आत तिला काहीतरी लिहून पाठवायचं होतं, एवढंच कुसुमला कळलं होतं.

पानं वाढली गेली. कुसुम पुरणपोळ्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून निघाली तर दारात विनोदिनी! पांढरे केस, दुखरे गुडघे, आणि पसरलेले तेच दोन हात.

"पन्नास साल पहले मला फसवून आत शिरलीस, वहिनी. आज नाही. नाव घे, मंग जेव."

"अवं, माणसं उपाशी हायेत."

"राहू दे उपाशी! दादा, तुम्ही मशीन नीट लावा. आज आयकूनच जेवायचं."

यज्ञेश्वरनं खरोखरच कानाशी हात नेला. म्हाताऱ्याच्या तोंडावर असं काही ऊन पडलं की कुसुमला क्षणभर वाटलं, घ्यावं. पण जीभ सवयीनं वळली.

"बुढ्या तलावाच्या काठी पाखरांचा थवा;
नाव घ्यायला वेळ कुठं, डबा भरायला हवा!"

"रिटायर होऊन किती वर्षं झाली, कुणाचा डबा?" विनोदिनी ओरडली. "नाही सोडत! घे म्हणते ना, घे..."

"आत्या, हात खाली घे."

देवश्री पानावरून उठली होती. आवाज इतका करडा की विनोदिनीचे हात आपोआप उतरले.

"मजाक चल रहा है, बेटा."

"माहीत आहे गं." देवश्री पुन्हा बसली. तिचाच आवाज तिला लागला असावा. "माहीत आहे मला. पण मी असंच फाटक पाहून आले आहे, आणि तिथे मजाक नव्हता."

मग पोळ्या थंड होत गेल्या आणि ती सांगत राहिली. एक दूरचा देश. नाव सांगायची तिला मुभा नव्हती. तिथला राज्यकर्ता तिच्या जन्माच्याही आधी खुर्चीत बसला, तो अजून उठलेला नाही. त्याच्या बायकोनं एक धर्मादाय संस्था काढलेली. आपलं सरकार तिला पैसा देतं आणि उपाशी लेकरांसाठी शेंगदाण्या-दुधाची पौष्टिक पाकिटं पाठवतं. संस्था त्यावर राज्यकर्त्याचा फोटो चिकटवते, पण पाकीट चांगलं, लेकरं वाचतात. ते तिनं स्वतः तोलून, मापून पाहिलं होतं.

"पण फाटकाशी आयांची रांग लागते. प्रत्येकीनं राज्यकर्त्याचं नाव घेऊन 'आमचा बाप, आमचा पोशिंदा' असं मोठ्यानं म्हणायचं. म्हटलं की पाकीट. आवाज बारीक आला तर पुन्हा म्हणायचं. एक बाई बोललीच नाही. तिच्या नवऱ्याला त्याच माणसाच्या पोलिसांनी नेलं होतं, असं मागून कुणीतरी मला सांगितलं. तिला रांगेतून काढलं. कडेवर लेकरू, त्याचं डोकं मोठं, दंड माझ्या अंगठ्याएवढा."

"मंग?" कुसुमनं विचारलं. ती अजून ताट हातात धरूनच उभी होती.

"दुसऱ्या दिवशी परत आली. नाव घेतलं." देवश्री थांबली. "घेताना तिनं लेकराच्या कानांवर हात ठेवले होते, आई. दोन्ही कानांवर, घट्ट."

तलावाकाठी उंच खांबावरचा प्रचंड तिरंगा झेंडा वाऱ्यावर फडफडत होता, तेवढाच आवाज बाल्कनीतून येत राहिला.

"आता मला लिहायचं आहे. मदत चालू ठेवा, की बंद करा."

"बंद करा!" विनोदिनी म्हणाली. "आपल्या पैशानं त्या मेल्याची आरती कशाला?"

"आणि लेकराच्या पोटाले काय सांगशीन, विनू?" यज्ञेश्वर म्हणाला. "त्याले का समजते कोनाचा फोटो हाय ते? आपल्याकडं पिशव्यांवर फोटो नसतेत का? खातोच ना आपन."

"पिशवी घेताना तुम्हाला कुणी ओरडायला लावत नाही, बाबा. आणि नुसतं तेवढंच नाही. आमच्या पैशातून संस्थेनं गाड्या घेतल्या. त्याच गाड्या संध्याकाळी पोलीस वापरतात. चालू ठेवा लिहिलं तर पुढच्या वर्षी आणखी एक फाटक. बंद करा लिहिलं तर ते लेकरू..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

यज्ञेश्वरनं पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, तसाच ठेवून दिला. मग अगदी साधं, वॅगनचा बोल्ट कुठल्या बाजूनं निघेल ते सांगावं तसं म्हणाला, "समोरच्या दारात अडवून राहिले, तर मांगच्या दारानं दे ना बाप्पा. असंन ना एखांदं मांगचं दार?"

कुसुमच्या हातातलं ताट कलंडलं. सावरून तिनं ते ओट्यावर ठेवलं आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

त्याला आठवत नव्हतं. त्याच्या आवाजावरून तिला कळलं, त्याला बिलकूल आठवत नव्हतं.

ती मात्र पुन्हा त्या दुपारी जाऊन पोचली होती. माप सापडत नाही म्हणून बायकांचा गलका चाललेला. आत कुणी तांदूळ निवडतंय, बाहेर नवरी उन्हात. डोळ्यांपुढे काजवे. शेजारी उभा असलेला नवरदेव कधी नाहीसा झाला तिला कळलंही नाही. तो घराला वळसा घालून गेला, मागच्या दारानं आत शिरला आणि परत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या उपरण्याखाली तांब्या. "पी. नावाचं पाहू मंग." एवढंच बोलला, तेही तिच्याकडे न पाहता. पदराआड तोंड नेऊन ती ते गार पाणी घटाघटा प्याली. कुणाला दिसलं नाही. त्यानंतर माप आलं, विनोदिनी दारात आली, आणि आवाज उठला, नाव घे, मंग आत ये.

त्याच घडीला तिच्या मनानं हट्ट धरला होता. ज्यानं पाणी देताना काही मागितलं नाही, त्याचं नाव असं दार अडवून कुणी मागावं, आणि आपण देऊन टाकावं? ते त्याचं नाव राहिलंच नसतं, उंबऱ्याचं भाडं झालं असतं. कुणी मागणार नाही तेव्हा घेईन, असं तिनं ठरवलं. पण जग तरी केवढं मागणारं! पन्नास वर्षांत न मागण्याची वेळ आलीच नाही. आणि पुढे तोही मागायला लागला, हसत, प्रेमानं, पण मागायलाच. मग तर वाटच बुजली.

"मागचं दार आहे, बाबा," देवश्री हळूच म्हणत होती. "सरहद्दीजवळ नर्सबायांचे छोटे दवाखाने आहेत. संस्थेशी त्यांचा संबंध नाही. पण तिथवर सगळ्या आया पोचणार नाहीत. निदान सुरुवातीला तरी नाही."

"थोड्या पोचतीन. मंग लोकं रस्ता शिकतेत."

"आणि ज्या नाही पोचणार?"

विनोदिनीनं उठून वहिनीच्या हाताला धरलं आणि पानावर बसवलं. "जेव बाई. नाव-गिव नको. चूकच झाली माझी."

संध्याकाळी विनोदिनीला रिक्षात बसवून तिघं तलावाकडे निघाली. देवश्रीनं दुपारीच लिहून पाठवून दिलं होतं. संस्थेला पैसा नाही, गाड्या नाहीत. फाटकावरून वाटप होणार असेल तर पाकिटंही नाहीत. निघालेला माल नर्सबायांच्या दवाखान्यांकडे वळवावा, आणि तिथवर यायला आयांना गाडीभाडं द्यावं. "सरकार मानेल की नाही, ठाऊक नाही," ती म्हणाली. "आणि मानलं तरी काही लेकरांना काहीच मिळणार नाही, आई. मी बरोबर केलं का?"

बरोबर म्हणावं की चूक, कुसुमला कळेना. लेकीच्या कपाळावरची बट तिनं मागे सारली. "त्या बाईनं लेकराचे कान झाकले, ते तू पाह्यलं आन विसरली नाहीस. मले एवढंच समजते."

देवश्रीनं डोळे पुसले आणि भुट्टे आणायला पुढे गेली. म्हातारा-म्हातारी बाकावर टेकली. पाण्यावर दिवे लागत होते. वरचा झेंडा वाऱ्यानं कडाडत होता. मशीनमधून तो आवाज टोचतो म्हणून यज्ञेश्वरनं ते काढून खिशात टाकलं. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला,

"पोट्टीनं सांगतलं तवापासून मनाले लागून राहिलं. मीबी जनमभर तुह्या मांगं लागलो, नाव घे, नाव घे. मजाक होता, पन लागलोच ना. आता नाही मागत वं. कधीच नाही मागत."

आजूबाजूचे दोन-तीन जण वळून पाहू लागले. कुसुम हसली. कुणी दार अडवलं नव्हतं, पान वाढलेलं नव्हतं, कुणाला तिच्याकडून काही नको होतं. पन्नास वर्षं वाट पाहिलेली मोकळी जागा तिच्यासमोर तलावासारखी पसरली होती.

तिनं त्याच्या खिशात हात घातला, मशीन काढलं आणि त्याच्या कानात अलगद बसवलं.

"काय झालं?" तो म्हणाला.

"त्या दिवशी उन्हात तुम्ही मले पाणी आणून दिलं होतं. मांगच्या दारानं, उपरण्याखाली लपवून. आठवते?"

तो गोंधळला. डोळे बारीक करून त्यानं आठवून पाहिलं, मग ओशाळून मान हलवली. "नाही वं. दिलं होतं का?"

"दिलं होतं. म्हणून नाही घेतलं कधी. पाण्याचा मोबदला वाटला असता." तिनं पदर सारखा केला, नवरीसारखी मान थोडी खाली घातली, आणि एकट्या त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"नाव न मागता पाणी दिलं, ऊन होतं माथ्यावर;
पाणी न मागता नाव घेते, माझे यज्ञेश्वर."