रहेमतबीचं गोदाम

वादळात शाळेचे पत्रे उडाले, म्हणून पोरांना माझ्या सीताफळांच्या गोदामात बसू दिलं. काल मी दिंद्रुडच्या बाजारला गेलते. परत आले तर गोदामाच्या भिंतीवर मोर, फुलपाखरं, मुळाक्षरं! शाळा रंगवून द्यायला आलेली कुठल्याशा कंपनीची माणसं एकसारखे टीशर्ट घालून फोटो काढत होती.

"आजी, शाळा कशी दिसते?" त्यातल्या एकानं विचारलं.

भांडावं का हसावं, मला कळंना.

ते गेल्यावर गुरुजींना धरलं. "सांगितलं कावून न्हाई, शाळा ती समोरची हाय म्हणून?"

"लई सांगितलं, रहेमतबी. म्हणले, पोरं तर इथं बसलीत."

"मग माझी सीताफळं कुठं ठेवू?"

गुरुजींनी शाळेची किल्ली माझ्या हातात दिली. त्या शाळेला छत न्हाई, पण कुलूप हाय.