सहाव्या काउंटरमागचं दार

आमच्या गावातली माणसं तशी शूर. डॅन्यूबला पूर आला की पळून जाण्याऐवजी बघायला पुलावर गर्दी करतात, लग्नात हवेत बंदुका झाडतात, आणि धड ब्रेक नसलेली गाडी आरशाला संताचं चित्र टांगून बिनधास्त हाकतात. घाबरतात ती एकाच गोष्टीला, प्रोमायाला. समोरासमोरची दोन दारं उघडी राहिली की मधून जो वारा जातो, तो प्रोमाया. त्याने मान आखडते, तोंड वाकडं होतं, किडन्या जातात, बायकांना मूल होत नाही आणि पुरुषांना टक्कल पडतं. डॉक्टरही हेच सांगतात, कारण तेही इथलेच.

आणि मी, ग्रादिमीर, या गावच्या पालिकेच्या हॉलचा सुरक्षाप्रमुख. प्रमुख म्हणजे मी एकटाच. आग लागली, बाँबची धमकी आली, भूकंप झाला, तर लोकांना धडपणे बाहेर काढायचं हे माझं काम. कर भरायला, दाखले काढायला सगळं गाव त्या हॉलमध्ये येतं. हॉलला दोन दारं. पुढचं रस्त्यावर उघडणारं, आणि त्याच्या बरोबर समोर, मागच्या अंगणात उघडणारं संकटकाळचं. कायदा म्हणतो, हे मागचं दार नुसतं ढकललं की उघडलं पाहिजे. आमच्या दारापुढे फायलींचं कपाट होतं. कपाटामागे ब्लँकेटची गुंडाळी, गुंडाळीमागे फटींत कोंबलेला लोकरीचा नमदा, आणि त्यावरून चिकटपट्टी. इतका बंदोबस्त तुरुंगातसुद्धा नसतो.

हा बंदोबस्त सहाव्या काउंटरवरच्या बाईने केला होता, कारण दार तिच्या पाठीमागे होतं. ती बाई म्हणजे स्तोयांका, आणि स्तोयांका म्हणजे माझी बायको.

"ते दार मोकळं कर," मी जेवताना म्हणायचो.

"मान तुझी आहे का?"

"अगं, आग लागली तर?"

"लागली का?"

"लागेल कधीतरी."

"मग कधीतरी बघू. वारा मला रोज लागतो."

मला तिचा संताप यायचा, आणि भीतीही वाटायची. तिची नव्हे, तिच्यासाठी. गर्दीच्या दिवशी हॉल खच्चून भरतो, आणि पुढच्या दारापासून सगळ्यात लांब कोण, तर सहाव्या काउंटरची रांग आणि माझी बायको. झोपायला पाठ टेकली की माझ्या डोळ्यांपुढे तेच यायचं.

डायरेक्टर वेलिबोरकडे मी तक्रार करून थकलो. हा माणूस जूनमध्येही गळ्यात मफलर घालतो. "नियम मला पाठ आहेत, ग्रादिमीर," तो म्हणायचा, "पण माझी कंबरही मला माहीत आहे." शेवटी माझं तोंड बंद करायला त्याने एकदा सरावाला परवानगी दिली. अट एकच, तारीख आधी सांगायची.

सरावाच्या दिवशी सगळे सणाला आल्यासारखे आले. चौथ्या काउंटरवरच्या बाईंनी चीज भरलेली पीता भाजून आणली होती. मी भोंगा वाजवला. कुणी धावलं नाही. सगळ्यांनी आधी कोट चढवले, बटणं लावली, डोक्याला रुमाल बांधले आणि पुढच्या दाराशी शिस्तीत रांग केली. पहिल्याने दार उघडलं, बाहेर गेला, आणि मागे हलकेच दार लावून घेतलं. दुसऱ्याने उघडलं, गेला, लावलं. तिसऱ्याने तेच.

"दार उघडं राहू द्या!" मी बोंबललो.

"उघडं?" रांगेतले एक आजोबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी सकाळीच राकिया ढोसून आलोय. "बाळा, मागे माणसं उभी आहेत ना!"

शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत पहिला समोरच्या हॉटेलात कॉफी पिऊन परत आला होता. वेलिबोरने माझा हात हातात घेऊन दाबला. "ना धक्काबुक्की, ना आरडाओरडा. आदर्श सराव!"

तिथे माझं टाळकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत मी हॉलवर गेलो. कपाट ओढून बाजूला केलं, नमदा उपटला, ब्लँकेट अंगणात फेकलं, बिजागऱ्यांना तेल घातलं. दार ढकललं. उघडलं! मी ते परत लावलं आणि शाळेतल्या पोरासारखा वाट बघत उभा राहिलो.

स्तोयांका आली, तिने दार पाहिलं. तिने एकावर एक दोन शाली गुंडाळल्या, लोकरीची टोपी घातली आणि दिवसभर तशीच शिक्के मारत बसली. घरी ताटात थंडगार घेवडा आला.

"गरम नाही केलास?"

"गरम करायला गॅस पेटवावा लागतो. आग लागेल."

कितीतरी दिवस मी थंड घेवडा खाल्ला. पण दार मोकळं राहिलं. मी तिथून हटलोच नाही.

आग लागली ती कर भरायच्या शेवटच्या दिवशी. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर कोशावा सुटला होता. हा वारा सुटला की आमच्याकडे माणूस छत्री धरत नाही, छत्रीमागे धावतो. दुसऱ्या काउंटरखाली पाय शेकायला चोरून ठेवलेला हीटर होता. अशा हीटरना मी बंदी घातली होती, म्हणून सगळ्यांनी ते आणखी आत सरकवून ठेवले होते. त्यावर कुणाचा तरी स्वेटर घसरला. आधी वास आला, मग धूर, आणि बघता बघता ज्वाळा पडद्याला जाऊन भिडली.

दुसरा काउंटर पुढच्या दाराजवळ. दाराशी उभी असलेली तरणी पोरं दार सताड उघडं टाकून बाहेर पळाली, पण बाकी सगळ्यांची वाट धुराने अडली. मी मागचं दार ढकललं आणि ओरडलो, "इकडून! सगळे इकडून!" आणि खरंच, सगळे आले. कोटाची बटणं लावत आले, पण आले. उंबरठ्यावर एका आजींनी मला विचारलं, "पुढचं दार लावलंय ना रे?"

पुढचं दार लावलेलं नव्हतं. दोन दारं समोरासमोर उघडी, आणि मधून कोशावा. गावाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रोमाया त्या दिवशी आमच्या हॉलमधून वाहत होता. ज्वाळा आडवी झाली आणि कागदांच्या मांडण्यांकडे सरकायला लागली. इतकी वर्षं दार उघडा, दार उघडा म्हणून घसा कोरडा केला होता मी. उघड्या दारातून माणसं बाहेर जातात तसा वाराही आत येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अंगणात सगळे उभे होते. खोकणारे, रडणारे, मफलर आवळणारा वेलिबोर. स्तोयांका नव्हती.

"स्तोयांका कुठाय?"

"परत आत गेली," चौथ्या काउंटरच्या बाई म्हणाल्या. "म्हणाली, पुढचं दार उघडं राहिलंय."

बाहेर पडलेल्या माणसाने काहीही झालं तरी परत आत जायचं नाही, हे मी प्रत्येकाला घोकून घोकून शिकवलं होतं. मी आत गेलो.

नाकासमोरचं दिसत नव्हतं. मी तिच्या नावाने ओरडत होतो आणि दर हाकेला छातीत धूर जात होता. तेवढ्यात पलीकडे धाडकन दार आपटल्याचा आवाज आला आणि वारा थांबला. आग हिरमुसल्यासारखी खाली बसली. मग भिंतीला हात लावत, तोंडावर शाल दाबून, लाल डोळ्यांची माझी बायको धुरातून बाहेर आली. मी तिचा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर तिथे निळा डाग होता.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "धूर जातो तोंडात."

बाहेर पडताना तिने मागचं दारही कमरेच्या धक्क्याने लावून घेतलं.

अग्निशमन दल आलं तेव्हा दोन काउंटर आणि एक पडदा खाऊन आग आपोआप विझत आली होती. त्यांचा कमांडर आत फिरून आला. "माणसं बाहेर पडल्यावर दारं कुणी लावली? या वाऱ्यात ती उघडी राहिली असती तर छप्पर गेलं होतं तुमचं. कोण एवढं डोकेबाज?"

"आमच्या लोकांना प्रशिक्षण आहे!" वेलिबोरने मला पुढे ढकललं. "याने तयार केलंय सगळ्यांना."

कमांडरने माझ्याकडे पाहिलं. स्तोयांकानेही पाहिलं. माझी बायको मान आखडेल म्हणून आगीत परत गेली, हे मी काय तोंडाने सांगणार होतो? मी म्हणालो, "हो." आणि नंतर तसाच अहवाल लिहून खाली सही ठोकली. दारं प्रशिक्षणानुसार बंद करण्यात आली.

ते "हो" माझ्या अंगाशी आलं. हॉलची रंगरंगोटी झाल्यावर वेलिबोरने मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझा अहवाल वाचला. बंद दारांनी हॉल वाचला. मग उगाच ढकललं की उघडणारं दार कशाला? मागचं दार विटांनी बुजवून टाकू. कायमचं."

"साहेब, सगळी माणसं त्याच दाराने बाहेर आली!"

"पुढूनही आली असती. सरावात आली होती की."

"पुढे आग होती!"

"आणि मागे प्रोमाया. अहवालावर सही तुझीच आहे ना?"

गवंडी विटा घेऊन आला तेव्हा मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. भांडलो, हात जोडले, कायदा वाचून दाखवला. सगळा हॉल गोळा झाला आणि सगळा हॉल विटांच्या बाजूने. पुढच्या वेळी ही माणसं कुठून बाहेर पडणार, या विचाराने माझा आवाज फाटत होता, आणि लोकांना वाटत होतं, आगीनंतर ग्रादिमीरची वाहवा झाली ती त्याच्या डोक्यात गेली. मी स्तोयांकाकडे पाहिलं. तिच्या तर मनासारखं होत होतं. ती शिक्के मारत होती.

मग तिने शिक्का खाली ठेवला. "वेलिबोर, या भिंतीला पाठ करून कोण बसणार?"

"तूच की. आता वाऱ्याची कटकट संपली तुझी."

"वाऱ्याची संपली. ओलीचं काय?"

"कसली ओल?"

"नवी भिंत, ओलं सिमेंट. वसंत आला तरी वाळायची नाही. ओल पाठीतून शिरते ती थेट किडनीत. माझी मावशी कशाने गेली? नव्या घराच्या भिंतीला पलंग लावून झोपायची बिचारी."

"आणि ओल पसरते हो," चौथ्या काउंटरच्या बाई कुजबुजल्या. गवंड्याने हळूच स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. वेलिबोरचा चेहरा उतरला.

"ओलीचं माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला. "उचला. आधी त्या विटा उचला इथून."

संध्याकाळी आम्ही नदीकाठाने घरी निघालो.

"तुझी कुठली मावशी गेली?" मी विचारलं.

"कुठली जातेय! नोव्ही सादला आहे, ठणठणीत. तिला मारताना तुला विचारायला हवं होतं का?"

"मग हे सगळं..."

ती थांबली. माझ्या कोटाची कॉलर वर केली, वरचं बटण लावलं. "पुढचं दार लावलं ना, तेव्हा सगळं काळं झालं, ग्रादो. माझा हात मला दिसेना. मागच्या दाराचा तेवढा उजेड दिसत होता. त्याच्याकडे बघत बघत आले. नाहीतर तिथेच राहिले असते."

मी तिचा हात धरला, आणि लगेच माझं डोकंही फिरलं. "मग हेच सांगायचं ना वेलिबोरला! त्या दारामुळे माणूस जिवंत बाहेर येतो, म्हणून दार हवं!"

"ऐकलं असतं त्याने?"

पाच वर्षं मी त्याला तेच तर सांगत होतो.