मोठ्या सुट्टीतला संशयित

सेकंड शिफ्टचा आठवडा आला की निरंजन स्वतःच्याच घरात पाहुणा होऊन जाई. चाकणच्या कंपनीतून दिघीला परतेपर्यंत दुसरीतली मिनल गाढ झोपलेली असे. सकाळी ती शाळेला निघे तेव्हा हा झोपलेला. आणि दुपारी ती घरी येण्याआधीच कंपनीची बस याला घेऊन गेलेली असे. एकाच खोलीत राहून बापलेक एकमेकांना फक्त झोपलेले पाहत. रविवारी ती त्याच्याकडे जरा परक्यासारखी बघे, आणि ते त्याच्या जिव्हारी लागे.

त्यावर त्याने एक तोड काढली होती. शाळेच्या मागच्या भिंतीला, मैदानाच्या टोकाला, दोन विटा निखळून जमिनीलगत एक भोक पडलं होतं. मोठ्या सुट्टीत मिनल पटकन डबा संपवून तिथे येई, पलीकडे निरंजन उकिडवा बसलेला असे, आणि तिखट-मीठ लावलेली पेरूची फोड भोकातून आत जाई. पोरीला खोकला म्हणून रुपालीने घरात पेरूवर बंदी घातली होती, त्यामुळे हा मामला दोघांपुरताच. आज कोणाचा दात पडला, बाईंनी कोणाला बाकावर उभं केलं, एवढं ऐकून तो उठे. मग रात्रीपर्यंत गाड्यांना दरवाजे बसवताना त्याला शीण म्हणून येत नसे.

अशात कुठल्याशा दूरच्या देशात, एका शाळेत कोणीतरी बंदूक घेऊन शिरलं. लहान लेकरं गेली. कंपनीच्या कँटीनमधल्या टीव्हीवर ती बातमी लागली, तेव्हा निरंजनच्या हातातला घास हातातच राहिला. टेबलावरच्या कोणालाच पुढे जेवण गेलं नाही. त्या दुःखाची कोण थट्टा करील? थट्टा करायची ती आपल्याकडे पुढे जे झालं त्याची.

दिघीकरांचे कानच बदलले. शेजारच्या लष्कराच्या जमिनीवर सरावाचे बार वर्षानुवर्षं वाजतात, इथली पिढ्यान्‌पिढ्यांची पोरं त्या आवाजात पाळण्यात झोपलेली. आता तोच बार वाजला की बायका गॅस बंद करून गॅलरीत येऊ लागल्या. शाळेने मुलांच्या कंपासपेट्या उघडून कर्कटकं काढून घेतली. एका पोराने बोटांची बंदूक करून 'ढिश्यांव' केलं, तर त्याच्या आईबापांना बोलावणं गेलं. बाकाखाली लपायचा सराव झाला, आणि अनोळखी माणूस दिसला तर आधी लांबून नाव विचारायचं, हे मुलांकडून रोज प्रार्थनेनंतर घोकून घेतलं जाऊ लागलं.

त्यात शाळेमागच्या इमारतीतल्या शालनबाईंनी गॅलरीतून खाली पाहिलं आणि पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'मागच्या भिंतीशी एक माणूस रोज येऊन बसतो. डोक्याला हेल्मेट, तोंडाला रुमाल, पाठीला बॅग.' बाई एवढंच लिहून थांबल्या, पण ग्रुप कुठला थांबतोय! दुपारपर्यंत एकाचे तीन झाले. बॅगेतून डोकावणाऱ्या छत्रीच्या मुठीची बंदुकीची नळी झाली. संध्याकाळी तर एक काळी विनानंबरची गाडीही येऊन उभी राहिली, जी कोणी पाहिली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुख्याध्यापिका विजयश्री मॅडमनी लगोलग जाहीर केलं की शनिवारी ते भोक बुजवून वर पत्रे ठोकले जातील. आणि सोपानरावांनी आपल्या खणखणीत आवाजात मेसेज टाकला. शाळेला जागा दिली ती त्यांनी, त्यांची नात तेजस्विनी मिनलच्याच वर्गात, त्यामुळे शाळेवर त्यांचा दुहेरी हक्क.

"उद्या मोठ्या सुट्टीला समद्यांनी भिंतीपाशी यायचं. म्होरं आमी हाय. एकबी सुटता कामा न्हाई."

निरंजनला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण लाईनवर फोन चालत नाही. जेवणाच्या सुट्टीत रुपालीचा फोन आला.

"अहो, ग्रुप बघितला का? तीन माणसं हायत म्हणं. बंदूक बी हाय. मी उद्या मिनूला पाठवायची न्हाय."

"कुठं हायत?"

"मागच्या भिंतीला भोक हाय म्हणं, तिथं."

आपल्या भोकाशी! त्याने घाईघाईने ग्रुप उघडला. शेकडो मेसेज साचले होते. त्याने शेवटचे सात-आठ वाचले. त्यात तीन माणसं होती, नळी होती, काळी गाडी होती. शालनबाईंचा पहिला मेसेज कुठेतरी पार वर राहिला होता, तिथवर तो गेलाच नाही. तुमच्या ध्यानात आलं असेल, त्याच्या आलं नाही. भ्यालेला बाप होता, त्याला कोण नावं ठेवणार! उलट त्याला राग आला तो याचा, की रोज आपण तिथे बसतो आणि हे हरामखोर आपल्या नजरेला कसे पडले नाहीत. बहुतेक आपण उठलो की येत असतील. म्हणजे पोरगी तिथे एकटी असताना! त्याने मुठी आवळल्या.

"तू पाठव तिला," तो म्हणाला. "मी स्वतः जाऊन उभा राहतो. बस चुकली तर चुकली."

दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊनच निघाला. पण पाय सवयीने कोपऱ्यावरच्या पेरूवाल्याच्या हातगाडीशी थांबले आणि हातांनी सवयीने पेरूची फोड घेतली. बस मिळालीच तर असू दे, म्हणून बॅग पाठीवर होतीच, तिच्यात छत्रीही होती, आणि बसच्या थांब्यापर्यंत दुचाकी न्यायची म्हणून डोक्याला हेल्मेटही.

भिंतीपाशी माणसं जमली होती. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात लोखंडी सळई. निम्म्यांच्या डोक्याला हेल्मेट, तोंडाला रुमाल, पाठीला बॅग. धुळीतून चाकणला कामाला जाणारा माणूस दुसरा कसा दिसणार? मधोमध सोपानराव धोतराचा सोगा खोचून उभे होते. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम थरथरले. गॅलरीतून शालनबाईंचा मेसेज होता, 'देवा रे! आज तर आठ-दहा आलेत!'

"कुठल्या बाजूला?" कुलदीप कुजबुजला. तो कोकणातला, तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर, त्याचा पोरगा पहिलीत.

कोणी उत्तर देण्याआधी लष्कराच्या जमिनीवरून बार वाजले. एकामागून एक, चांगले दणदणीत. जन्मभर ते ऐकलेले सोपानराव सगळ्यांच्या आधी गवतात पालथे पडले, आणि त्यांच्या मागोमाग सगळी फौज आडवी झाली. निरंजन नेमका भोकासमोर पडला.

आत घंटा झाली. त्या कोपऱ्यात जायला मुलांना बंदी होती, पण पेरूपुढे बंदी कोण पाळतो! छोट्या बुटांचा आवाज जवळ आला आणि भोकात दोन डोळे दिसले. हेल्मेट, रुमाल, सगळ्यातून तिने बापाला ओळखलं.

"पप्पा," मिनल म्हणाली, "तुम्ही इथंबी झोपलात?"

निरंजनने पडल्या पडल्या रुमाल खाली ओढला. पोरगी आपल्याला कशी पाहते ते त्याला माहीत होतं, पण तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

"न्हाय बाळा," तो म्हणाला. "जागाच हाय."

"मग पेरू?"

सोपानराव गुडघ्यांवर उठले. त्यांनी त्याच्या हेल्मेटकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, बॅगेतून डोकावणाऱ्या छत्रीच्या मुठीकडे पाहिलं.

"म्हंजी त्यो मानूस तूच व्हय रं?"

आत्ता कुठे निरंजनच्या डोक्यात उजेड पडला. तो उठून बसला आणि मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. शिफ्ट, झोप, पेरू, रुपालीची बंदीसुद्धा. सोपानराव रागाने फुललेच होते, पण तेवढ्यात कुलदीप सळई टाकून भोकाशी वाकला.

"बाळा, पहिलीतल्या वेदांतला हाक मारशील गो? सांग बाबा इलेत."

कुलदीपचीही सेकंड शिफ्टच होती. मग आणखी एक जण वाकला. मग आणखी एक. बघता बघता आत मुलांचा घोळका झाला आणि बाहेर बापांची रांग लागली. चिमुकले हात बाहेर येत होते, आणि मघाशी सळया धरलेले हात ते नुसते धरून बसत होते. धक्काबुक्की होऊ लागली तशी सोपानराव काठी आपटून ओरडले, "रांगेत! एकेक जन! लेकरांचे हात दुखत्याल!"

विजयश्री मॅडम धावत आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तरी भोक बुजणार म्हणजे बुजणार, यावर ठाम राहिल्या. त्यांचंही चुकत नव्हतं. टीव्हीवरची ती शाळा त्यांच्याही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"बुजवा की मॅडम," सोपानराव म्हणाले. "पन तिथं जाळीची खिडकी बशिवतो. वॉचमन हुभा करा. जागा माजी, जाळी ह्या कुलदीपची." आणि जाळीच्या एकेका भोकाचं माप म्हणून त्यांनी निरंजनच्या हातातली पेरूची फोड उचलून कुलदीपच्या हातावर ठेवली.

खिडकी बसली तोवर निरंजनचा सेकंड शिफ्टचा आठवडा पुन्हा आला होता. रुपालीने पेरूचं कळल्यावर आधी त्याला झापलं आणि मग स्वतःच फोडी करून डब्यात दिल्या. तो खिडकीशी बसला. वॉचमन जरा बाजूला झाला. मिनल आली, पण जवळ आली नाही. चार पावलं लांब थांबून तिने हात मागे बांधले. शाळेने घोकून घेतलेलं ती विसरली नव्हती.

"तुमचं नाव काय?"

निरंजनला हसू आलं, पण पोरगी हसत नव्हती. त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"निरंजन."

"कोण तुम्ही?"

"मिनलचा पप्पा."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मग पळत आली आणि जाळीतून हात बाहेर काढला.