शांताबाईंच्या पिप्याचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा पिपा आहे. अंगावर पोचे आहेत, एका कोपऱ्याला गंज चढला आहे, पण मला भंगार म्हणायची घाई करू नका. माणसं एकमेकांशी अशी का वागतात, याचा शोध घेणाऱ्या शास्त्रीय प्रयोगात मी काम केलं आहे. रिकामं भांडं फार वाजतं, असं कुणी म्हणेल. खुशाल म्हणू द्या.

माझा जन्म नागपूरकडच्या एका कारखान्यात झाला. पोटात तेल भरून मी पांढुर्ण्याच्या एका लग्नात आलो. तेल भज्यांत आणि पुऱ्यांत गेलं, वऱ्हाडी जेवून उठले आणि मी मांडवामागे आडवा पडलो. तिथून शांताबाईंनी मला उचललं. त्या सौंसर तालुक्यातल्या एका गावात, बुद्धविहारामागच्या वस्तीत राहतात. कापूस वेचायला आणि संत्र्याच्या बागेत कामाला जातात. त्यांनी मला राखेनं घासून चकचकीत केलं, झाकण आणि उचलायला अंगाला एक कडं बसवून घेतलं. तेव्हापासून मी त्यांच्या घरचा दळणाचा पिपा झालो.

आमच्या गावी गजेंद्रच्या पिठाच्या चक्कीवर माणसं रांगेत उभी राहत नाहीत, डबे राहतात. बाया आपापला डबा ओळीत ठेवतात आणि कुणी शेतावर, कुणी पाण्याला निघून जातात. नंबर आम्ही धरून बसतो. लाइट गेली की दुपारची संध्याकाळ होते, तरी कुणाचा डबा कुणी हलवत नाही. तिथे पहारा नाही आणि चिठ्ठीही नाही. इतकी वर्षं मी त्या ओळीत बसलो, पण यात नवल करण्यासारखं काही आहे, हे मला कधी सुचलं नाही.

नवल वाटलं ते शांताबाईंच्या मुलीला, वैशालीला. ती नागपूरला विद्यापीठात संशोधन करते. मुंग्यांच्या रांगेला जसा मुकादम नसतो, तसा कुणी सांगणारा नसतानाही माणसांचा मेळ कसा बसतो आणि कुठे मोडतो, हा तिचा विषय. तिच्या मार्गदर्शक अनुराधा मॅडमना चक्कीची गोष्ट आवडली, पण पटली नाही.

"ज्याचा नंबर जातो तो भांडेल," त्या म्हणाल्या. "ज्याचा फायदा होतो तो कशाला बोलेल? आणि सगळ्यांच्याच डब्यासाठी बोलेल का?"

हा शेवटचा प्रश्न वैशालीला काट्यासारखा रुतला. तिनं ठरवलं की गजेंद्रला सांगून एखादा डबा गुपचूप मागे ठेवायचा आणि कुणी तो जागेवर आणतं का ते पाहायचं. घरी येऊन तिनं आईला हे सांगितलं, तेव्हा शांताबाई भाकर थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"माह्या मायचा डब्बा चक्कीच्या भिंतीपाशी राहे, सगळ्यायच्या मांगं," त्या म्हणाल्या. "कितीबी लवकर गेली तरी नंबर शेवटचाच. आता आपला लाइनीत राहते. मी त समजून राहिली का आपुन बी गावातलेच झालो. अन् तू मांगं ठेवला, अन् कोनं उचललाच नाही त? मंग मी काय समजू?"

"राहू दे, माय. नाही ठेवत," वैशाली म्हणाली.

तव्यावरची भाकर करपली. शांताबाईंनी ती उलटली आणि म्हणाल्या, "ठेव. पन पयले माहाच ठेव. दुसऱ्याच्या मायले काहून लाजवतं?"

मित्रांनो, त्या सकाळी गहू भरलेला असूनही मी आतून पोकळ झालो होतो. शांताबाईंनी मला ओळीत ठेवलं, माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि मागे न बघता घरी गेल्या. माझ्या मागचा डबा पंचफुलाबाईंचा होता. नेमका त्यांचाच! आमच्या बकरीनं त्यांच्या परसातला कोथिंबिरीचा वाफा फस्त केला होता आणि दिवाळीपासून दोघींचं बोलणं बंद होतं. गजेंद्रनं मला उचलून मागे भिंतीपाशी नेलं. वैशाली समोरच्या ओट्यावर मोबाइल बघत असल्यासारखी बसली. तिचा अंगठा काही हलत नव्हता.

माणसं आली, बसली, गप्पा मारू लागली. पुढे नंबर असलेल्या वीरेंद्रनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. लाइट गेली. पंचफुलाबाई आल्या. आपला डबा पुढे सरकलेला त्यांनी पाहिला, मलाही पाहिलं, आणि चुपचाप सावलीत जाऊन बसल्या. संपलं, असं मला वाटलं. शांताबाईंना आता काय तोंड दाखवू, याच विचारानं मी गहू घट्ट धरून बसलो.

लाइट आली, चक्की घरघरू लागली. वीरेंद्रचं दळण झालं. आता पंचफुलाबाईंचाच डबा होता. त्या उठल्या, सरळ भिंतीपाशी आल्या, माझं कडं धरलं आणि मला ओळीत आपल्या डब्याच्या पुढे आणून आदळलं. एवढा गोड पोचा मला आयुष्यात पडला नाही.

"शांताचा पिपा मांगं कोनं नेला, गजेंद्र?" त्यांनी विचारलं.

"पोतं ठेवाले जागा केली, काकू."

"त पोतं मांगं ठेव. लाइन काहून मोडून राहिला?"

गजेंद्रनं हळूच खडा टाकून पाहिला. "पन तुमचं त तिच्यासंग बोलनं बंद हाय ना?"

"बोलनं बंद हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "नंबर बंद नाही."

वैशाली ओट्यावरून उठली ती धावतच घरी गेली. शांताबाईंनी एवढंच विचारलं, "कोनं उचलला?" नाव ऐकल्यावर त्यांनी चुलीतली लाकडं पुढे सारली. मग चुलीला फुंकर घालता घालता रडल्या, आणि धुरानं नव्हे.

पण विज्ञान म्हणजे एका पिप्याचं काम नाही. मॅडमनी बजावलं, "एकदा झालं तो योगायोग असू शकतो." मग सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा अशा चक्क्यांवर आमची वारंवार परीक्षा झाली. मी बसच्या टपावरून फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी एखादी बाई मला आपला म्हणून ओळीत ठेवी. बहुतेक ठिकाणी मला कुणी ना कुणी जागेवर आणलं. काही ठिकाणी मात्र मी मागेच पडून राहिलो आणि वैशालीनं तेही लपवलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं की जिथे पिपा कुणाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तिथेच तो मागे राहिला होता. मालकीण चार बायांशी बोलून गेली की पुढच्या खेपेला त्याच चक्कीवर हात पुढे येत. त्या रांगा ओळखीवर चालत होत्या. निष्कर्ष वाचून मॅडम म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला, आणि मला फार आनंद झाला." तो शोधनिबंध छापून आला!

वैशालीनं गावाला चक्कीवरच गोळा केलं आणि सगळं खरं सांगितलं. पंचफुलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हंजे आमची परीक्षा घेतली? पास झाली का नाही ते सांग आधी."

उत्तर शांताबाईंनी दिलं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "पयल्या नंबरानं पास झाली, बाई. माही माय असती त तिले तुह्या घरी घेऊन आली असती."

पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "तू ये मंग. चहा ठेवतो."

विद्यापीठवाले मला काचेच्या कपाटात ठेवणार होते. "कपाटात काय दळते तो?" असं म्हणून शांताबाईंनी मला परत आणलं. मी पुन्हा ओळीत आहे, आणि ताठ बसतो.

मित्रांनो, रांगेतल्या प्रत्येक डब्याच्या मागे कुणीतरी घरी वाट बघत असतं. एखादा मागे सरकलेला दिसला तर कुणाचा आहे ते विचारा आणि जागेवर ठेवा. भांडण असलं तरी ठेवा. फक्त उचलताना कडं धरा. आमची झाकणं आता सैल झाली आहेत.