आधी अंगठा, मग सुरा

साहेब, माझ्या नवऱ्याचा अंगठा तुम्ही घरी नेलात. मुद्दाम नेला नसेल. पण नेलात, आणि परत दिला नाहीत. याला काय म्हणतात ते तुम्ही ठरवा, कायदा तुमच्याच खिशात असतो. मी झालं ते सांगते.

आमचं दुकान तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. गल्लीच्या तोंडाशी, निळं शटर, आत घावांनी चिरलेला लाकडी ओंडका आणि वर आकड्यांना टांगलेले बकरे. नवरा काही साधुसंत नव्हता. गिऱ्हाईक गप्पांत गुंतलं की एखादं हाड जास्त सरकवायचा आणि पकडला गेला तर वर तोंड करून विचारायचा, "का हो ताई, बकरा हाडांशिवाय चालत होता का?" पण शिळं त्यानं कधी विकलं नाही. आणि रविवारी काळीज तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. ते तुम्ही न्यायचात. पैशांचं तुम्हाला कधी आठवलं नाही, आणि आठवण करून द्यायची आमची छाती नव्हती.

सासऱ्यांनी त्याला एकच धडा दिला होता. आधी अंगठा, मग सुरा. डाव्या अंगठ्यानं चाचपायचं, सांधा कुठं आहे ते बघायचं, आणि अंगठा उचलला की तिथंच घाव घालायचा. म्हणजे हाडाचा चुरा होत नाही. डोळे गिऱ्हाइकाकडे, तोंड बडबडत, आणि अंगठा आपलं काम करतोय, असं त्याचं चालायचं.

मग सुपरमार्केट आलं आणि तुम्हाला आमच्या दुकानातल्या माश्या दिसायला लागल्या.

"रक्त दिसतं, वास येतो, लोकांना किळस येते," तुम्ही म्हणालात. तेव्हा तुमच्या मागं कुलूप घेऊन माणूस उभाच होता.

नवरा म्हणाला, "साहेब, माशीलाही ताजं कळतं. तिकडच्या काचेवर एक तरी बसते का बघा."

"तोंड आवर, अंगठाबहाद्दर," तुम्ही म्हणालात आणि नगरपालिकेची नोटीस पुढं केलीत. त्याला सही येत नाही. त्यानं अंगठा उठवला आणि तुम्ही शटर खाली ओढलंत.

पोट थोडंच शटर ओढून बंद होतं? आम्ही दोघं त्याच सुपरमार्केटात कामाला लागलो. मी फरशी पुसायला, तो मागच्या खोलीत मांस कापायला. तिथं सुरा नव्हता. टेबलाच्या मधोमध उभं पातं होतं, विजेवर फिरणारं, आणि त्यात दगडासारखं गोठलेलं मांस सरकवायचं. तुकडे टबात पडायचे, टब खिडकीतून पलीकडे जायचा, तिथं ते थाळीत भरून वर प्लास्टिक ताणायचे. झालं पाकीट. ना माशी, ना रक्त, ना बकरा.

"यात काय कापायचं? हे तर लाकूड आहे," तो घरी येऊन म्हणायचा. "हाताला काही लागतच नाही गं."

त्या सुट्टीच्या दिवशी लागलं. शीतपेटी रात्रीच बिघडली होती. मॅनेजरला माहीत होतं. पण बाहेर गर्दी, फळ्या रिकाम्या. "काका, हात चालवा, नाटकं नकोत," तो दारातून ओरडत होता. मांड्या अर्धवट विरघळून, मऊ होऊन आल्या. नवऱ्यानं एक उचलली आणि इतक्या दिवसांनी हाताला मांस लागलं. खरं मांस. हात हरखला असेल. अंगठा आपला पुढं गेला, सांधा शोधायला, सासऱ्यांनी शिकवला होता तसा. पातं अंगठा उचलायची वाट बघत नाही.

मी बादली टाकून धावले. तो खाली बसला होता, हाताकडे बघत. मॅनेजरनं पहिला हुकूम काय सोडला माहीत आहे? "टब हलवा! मशीन पुसा! बाहेर कुणाला कळता कामा नये." मग एक कागद आणला. चूक कामगाराची, असं त्यावर लिहिलंय म्हणाला. "काका, डाव्या हाताचा अंगठा लावा."

नवरा म्हणाला, "तोच शोधतोय, साहेब."

दवाखाना रस्त्यापलीकडे. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली आणि मला विचारलं, "तुटलेला भाग कुठंय? बर्फात घालून आणा. जोडता येईल. पण लवकर, बाई, पळा."

मी पळाले. टब धुऊन पालथा घातला होता. थाळ्या भरणारा पोरगेला गडी म्हणाला, "मावशी, मी बघितलं नाही हो. घाई होती. सगळं भरून बाहेर गेलं."

बाहेर फळीवर पाकिटं ओळीनं मांडलेली. मी फाडायला लागले. एक, मग दुसरं. लोक गोळा झाले. त्यांत मास्तरीणबाई होत्या. त्या आजारी पडल्या तेव्हा नवऱ्यानं पावसापाण्यात त्यांच्या दारात मऊ मटण पोचवलं होतं. मी त्यांना म्हटलं, "बाई, तुमचं पाकीट दाखवा, त्यात आमच्या ह्यांचा अंगठा असेल."

"इश्श! आमच्यात नाहीये. मी वरून बघितलंय," त्या म्हणाल्या. पाकीट हळूच फळीवर ठेवलं आणि कोंबडीच्या फळीकडे वळल्या.

आणि तुम्ही होतात, साहेब. टोपलीत मांडीच्या तुकड्यांचं पाकीट. मी तुमच्या पायाशी बसले. ओल्या हातांनी तुमची पँट धरली, याचा तुम्हाला फार राग आला.

"साहेब, एवढं एक उघडू द्या. आमच्या ह्यांचा अंगठा असेल, समोरच्या दवाखान्यात डॉक्टर थांबल्यात."

"ए बाई, सील केलेला माल उघडता येत नाही. नियम आहे. आणि अंगठाबिंगठा ओरडू नकोस, लोक घाबरतील." मॅनेजरकडे बघून म्हणालात, "असली माणसं ठेवताच कशाला?"

रखवालदारानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. तुम्ही पैसे भरले. गाडीची काच वर केलीत. मी काचेवर हात मारत राहिले आणि काचेवर डाग पडला, तेवढंच.

डॉक्टरीणबाईंनी वाट बघितली. नर्स दोनदा विचारून गेली, आणता का, आणता का. शेवटी त्यांनी मान हलवली आणि कातडी ओढून शिवून टाकली. एखादी पिशवी शिवावी तशी.

हे इथवर सगळं नशीब म्हणून गिळलं असतं. पण माझी नणंद तुमच्या घरी भांडी घासते, साहेब. तुम्हाला तिचं नाव ठाऊक नाही, तर ती कुणाची बहीण हे कुठून ठाऊक असणार? ती म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी साहेब घरी आले, बाईसाहेबांनी पाकीट उघडलं आणि किंचाळल्या. न्हाणीत जाऊन ओकल्या. साहेबांनी मला बाहेर हाकललं. पाकीट पिशवीत घातलं, ती पिशवी आणखी एका पिशवीत, आणि स्वतः कचऱ्यात टाकून आले. आजवर त्यांनी कपसुद्धा उचललेला मी पाहिला नव्हता गं. मी हसत होते."

हसत होती. तिला काय माहीत, भावाचा अंगठा चाललाय.

तुम्हाला माहीत होतं. कुणाचा आहे, कुठल्या दवाखान्यात तो पडलाय, सगळं. तुमच्या घरापासून तिथं गाडीला किती वेळ लागतो? डॉक्टर तेव्हा सुई हातात न घेता बसल्या होत्या. फोन होता. घरच्या शीतपेटीत बर्फ होता. सुपरमार्केटचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसलात, की तपासून ते पास करणाऱ्या साहेबांचं, म्हणजे तुमचंच?

नवरा आता दारात बसतो. पोर जवळ आलं की त्याच्या मनगटावर हात ठेवतो आणि सांधा चाचपतो, नसलेल्या अंगठ्यानं. मी बघते आणि आत जाते.

तुमच्या घरात आता मटण शिजत नाही म्हणे. ते मला नकोय. मला उत्तर हवंय. अंगठा हातात धरून तुम्ही उभे होतात, तेव्हा दवाखान्याऐवजी कचऱ्याकडे का वळलात? बोला, साहेब.