तीनशे बारा नंबरचा पेशंट

"तीनशे बारा नंबरच्या पेशंटला शेंगदाणा वर्ज्य लिहिलाय ना, ती नोंद काढून टाका," पथ्यबाई मोबाइलवर म्हणाल्या.

"काढली मॅडम. अजून काही?"

चाळीस सेकंद! पलीकडच्याने ना नाव विचारलं, ना गाव. पथ्यबाईंनी कागदावर पहिल्या कंपनीपुढे फुली मारली.

तीनशे बारा नंबरच्या खाटेवर कुणी नव्हतंच. हॉस्पिटलला पेशंटच्या जेवणाचं कंत्राट द्यायचं होतं आणि तीन कंपन्या रांगेत होत्या. कुणाला काय चालतं, कुणाला काय चालत नाही, याच्या याद्या त्यांच्या कॉम्प्युटरवर जाणार होत्या. कुणाकडे त्या सुरक्षित राहतील, याची तुलना संगणक विभागाच्या साहेबांनी केली होती. पहिलीला ब्याण्णव गुण, दुसरीला ऐंशी, तिसरीला एकसष्ट.

पथ्यबाई साध्या कारकून. सव्वीस वर्षं पेशंटच्या पथ्याच्या चिठ्ठ्या लिहिल्या, म्हणून हे नाव पडलेलं. एकदा चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊन एका लहान मुलीचा श्वास अडकला होता. मुलगी वाचली, पण तिची निळी पडलेली नखं बाईंच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाहीत. म्हणूनच त्यांनी मोठ्या डॉक्टरबाईंना गाठलं होतं. "साहेबांनी यंत्रं तपासली. त्या यंत्रांपुढं बसणारी माणसं मला तपासू द्या." डॉक्टरबाईंनी परवानगी दिली आणि एक खोटा पेशंट तिन्ही कंपन्यांना चाचणीसाठी दिलेल्या यादीत घातला गेला.

मग दुसऱ्या कंपनीत फोन लागला.

"आधी पासवर्ड सांगा."

"अहो, विसरले बघा."

"फळाचं नाव आहे," पलीकडचा कनवाळूपणे म्हणाला. "पिवळं असतं."

"केळं?"

"शाब्बास! झालं तुमचं काम."

पथ्यबाईंनी तोंडात पदर कोंबला.

तिसऱ्या कंपनीत एका बाईनं फोन उचलला. मागे भांड्यांचा खणखणाट.

"हा मोबाइल नंबर आमच्याकडे नोंदलेला नाही. कोण तुम्ही?"

"हॉस्पिटलमधूनच बोलतेय. घाई आहे हो, पेशंट उपाशी आहे!"

"असू दे. ऑफिसच्या फोनवरून बोला."

"तुमच्या मालकांकडे तक्रार करीन!"

"खुशाल करा," म्हणत तिनं फोन आपटला.

दोन मिनिटांत टेबलावरचा फोन खणखणला. तीच बाई. "हॉस्पिटल का? तुमच्या नावानं कुणीतरी भामटी यादी बदलायला सांगतेय. सावध राहा."

पथ्यबाई खुर्चीवरून उठल्याच. भामटी! इतका गोड शब्द त्यांच्यासाठी जन्मात कुणी वापरला नव्हता.

दुपारच्या बैठकीत संगणकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "एका फोनवरून कंपनी जोखायची? तिसऱ्यांची यंत्रं जुनाट आहेत."

"आहेतच," पथ्यबाई म्हणाल्या. "ती बदलून घ्या, तशी अटच घाला. पण पहिल्यांकडे मी एका दमात एका पेशंटला मारलं असतं, साहेब. कुलूपकिल्लीलाही हात न लावता."

डॉक्टरबाईंनी स्वतःचा मोबाइल काढला, स्पीकर लावला आणि तिसऱ्या कंपनीचा नंबर फिरवला.

"मी हॉस्पिटलची मुख्य डॉक्टर बोलतेय. तीनशे बाराची नोंद काढा."

"सकाळपासून ही दुसरी!" पलीकडून आवाज फुटला. "मुख्य डॉक्टर असाल नाहीतर त्यांच्या सासूबाई. ऑफिसच्या फोनवरून बोला!"

अख्खी खोली हसून लोटपोट झाली. संगणकसाहेबांनाही हसू आवरेना. यंत्रं महिन्याभरात बदलायच्या अटीवर तिसऱ्या कंपनीचं नाव मंजूर झालं आणि पथ्यबाई जिने उतरल्या त्या जवळजवळ पळतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर दोन फायली होत्या. एक कपडे धुणाऱ्या कंपन्यांची, एक औषधं पुरवणाऱ्यांची. वर संगणकसाहेबांच्या हातची चिठ्ठी: 'आपलं मत हवं आहे.'

निवृत्तीला चार महिने उरले होते. पथ्यबाईंनी 'आपलं' हा शब्द दोनदा वाचला. मग चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि वरची फाईल उघडली.