टीव्हीवरची खालची ओळ

अण्णांचे कान मागांनी खाल्ले. उभा जन्म यंत्रमागांच्या शेडमध्ये गेला. तिथल्या खडखडाटात शेजारच्याची हाकही ऐकू यायची नाही, म्हणून मागवाले एकमेकांचे ओठ वाचायचे. पार त्या टोकाचा सोबती शिवी हासडायचा आणि इकडून अण्णा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, तोही आवाज न काढता.

अक्षरओळख झाली ती काम सुटल्यावर, उतारवयात. आधी अडखळत, मग झरझर, टीव्हीवरची खालची ओळ वाचता यायला लागली, आणि संध्याकाळची मालिका हे त्यांचं हक्काचं सुख झालं. मालिका परमुलखातली, आवाज आपल्या भाषेत चढवलेला. ओठ हलणार एका भाषेत, बोलणं निघणार दुसऱ्याच. तिथं अण्णांची विद्या लंगडी पडायची. खालच्या अक्षरांवाचून सगळे नुसते मासे. तोंड उघडतात, मिटतात.

त्या संध्याकाळी मालिका लागली आणि खालची ओळ गायब.

"अक्षरं कुठं गेली रे?"

मुलगा तोंड मोठं करून म्हणाला, "बिघडलंय, अण्णा! दाखवायला हवं कुणाला तरी."

मग बायकोकडे वळून त्यानं आवाज अगदी खाली आणला. "मीच बंद केली. अर्धं चित्र झाकतात. वर हे आपल्या आधी वाचून हसतात, सगळी मजा घालवतात."

"त्यांना कळलं तर?" सून कुजबुजली.

"कसलं कळतंय! बसतील चित्रं बघत."

आवाज खाली आणला, पण ओठ कुठं झाकले होते? ते चांगले दिव्याच्या उजेडात, अण्णांच्या समोर.

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते उठून टीव्हीच्या पुढ्यात उभे राहिले.

"बिघडलंय होय? अरे, शेडच्या त्या टोकाची शिवी वाचायचो मी! तू तर हातभर अंतरावर आहेस!"

मुलाचा चेहरा पडला. "तसं नाही अण्णा, जरा चित्र मोकळं दिसावं म्हणून..."

"चित्र! माझे कान त्या शेडला वाहिले, तेव्हा तुझ्या पायात बूट आले. आणि तुला माझी एक ओळ जड झाली? वर बापाशी खोटं बोलतोस!"

"अण्णा, हळू. शेजारी ऐकतील," सून म्हणाली.

"ऐकू देत! त्यांना कान आहेत!"

मुलानं तोंडावर हात धरला आणि बायकोला काहीतरी म्हणाला.

"हात खाली!" अण्णा गरजले.

हात खाली आला. मुकाट्यानं त्यानं रिमोटची बटणं दाबली. खालची ओळ परत आली.

अण्णांनी आपली खुर्ची ओढली आणि टीव्हीकडे पाठ करून त्या दोघांसमोर मांडली. मागे कुणी रडत होतं, कुणी भांडत होतं, ओळींवर ओळी येऊन जात होत्या. अण्णांनी एकही वाचली नाही. मालिका संपेपर्यंत ते दोघांच्या तोंडांकडे बघत राहिले, आणि दोघं ओठ शिवल्यासारखे बसून होते.